१२८ चा १०८ कसा झाला?

कोथरूडच्या एका आईंनी विचारलं आहे. मुलगा सहा वर्षांचा असताना शाळेच्या सांगण्यावरून त्याचा बुद्ध्यंक काढला, तो १२८ आला. अहवालावर ‘उच्च बुद्धिमत्ता’ असा शेरा होता, आजोबांनी पेढे वाटले. आता त्याला नऊ पूर्ण झाली. वर्गातलं लिखाण अपुरं राहतं, वह्या बघवत नाहीत, बाईंच्या तक्रारी येतात. म्हणून दुसरीकडे पुन्हा टेस्ट करून घेतली, तर १०८. पहिली चाचणी बिने-कामत, दुसरी विस्क-४ ची भारतीय आवृत्ती. आईंचे प्रश्न तीन: वीस गुण गेले कुठे, मोबाइलमुळे गेले का, आणि दोन्हीतला खरा आकडा कोणता. अहवालांतले गुण त्यांनी सोबत दिले आहेत, त्यामुळे मला हवेत बोलावं लागणार नाही.

मोबाइलवर माझा जुना राग आहे, पण या गुन्ह्यात तो निर्दोष आहे. त्याने झोप जाते, डोळ्यांवर ताण येतो, जेवताना ताटात लक्ष राहत नाही. तीन वर्षांत वीस गुणांची बुद्धी त्याने जात नाही. तुमच्या मुलाची बुद्धी कुठेही गेलेली नाही, आणि हे मी ज्या अहवालाने तुमची झोप उडवली त्याच अहवालाचं दुसरं पान वाचून सांगते आहे. तिथे पोचायला थोडा वेळ लागेल, कारण वाटेत हिशेब आहे.

उंची मोजताना १३० सेंटिमीटर म्हणजे १३० सेंटिमीटर, शेजारच्या मुलाची कितीही असो. बुद्ध्यंकात मात्र शेजारचं मूल धरल्याशिवाय आकडाच तयार होत नाही. तो रांगेतला नंबर आहे. रांगेत कोण उभं होतं, ती कधी लावली आणि नंबर कुठल्या रीतीने मोजला, यावर तो बदलतो. तुमच्या दोन अहवालांत रांगही वेगळी आहे आणि मोजायची रीतही.

पहिली रीत जुनी, पण समजायला सोपी. तिचं मूळ पॅरिसमध्ये. शिक्षण सक्तीचं झाल्यावर सगळ्या थरांतली मुलं वर्गात आली आणि त्यातली काही मागे पडू लागली. त्यांना वेगळी मदत द्यायची तर ती ओळखायची कशी, यासाठी १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने समिती नेमली. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची पहिली श्रेणी तयार केली, आणि १९०८ मध्ये ते प्रश्न वयाप्रमाणे लावले. बहुतेक पाच वर्षांच्या मुलांना जे जमतं ते पाचाच्या घरात, सहाच्यांना जमतं ते सहाच्या. त्यातून ‘मानसिक वय’ निघालं. भागाकार बिनेने केलेला नाही. तो १९१२ मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्ननी सुचवला आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मननी त्याला शंभराने गुणून आपल्या ओळखीचा आयक्यू केला. बिने १९११ मध्येच वारले होते. त्यांच्या नावावर खपणारा आकडा त्यांनी स्वतः पाहिलेला नाही.

आपल्याकडे कामतांनी १९३० च्या दशकात हीच पद्धत मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, म्हणून बिने-कामत. माझ्या पिढीचे बहुतेक मानसशास्त्रज्ञ तिच्याच साहित्याच्या पेटीवर हात बसवत शिकले. माझ्या पेटीतली कार्डं इतकी हाताळली गेली होती की कडा कापडासारख्या मऊ झाल्या होत्या. मूल ज्या वयाच्या घरातले सगळे प्रश्न सोडवतं ते त्याचं पायाचं वय. त्यापुढच्या घरांतला प्रत्येक सुटलेला प्रश्न ठरावीक महिने मिळवून देतो. ज्या घरात एकही सुटत नाही तिथे थांबायचं आणि बेरीज करायची.

तुमच्या मुलाचं वय तेव्हा ६ वर्षं २ महिने होतं, म्हणजे ७४ महिने. मानसिक वय ७ वर्षं ११ महिने आलं, म्हणजे ९५ महिने. ९५ भागिले ७४, गुणिले १००: उत्तर १२८. हिशेब चोख आहे. तुम्हाला कुणीही फसवलेलं नाही.

आता असं धरा की तो आजही आपल्या वयाच्या तितकाच, म्हणजे २१ महिने पुढे आहे. नऊ पूर्ण म्हणजे १०८ महिने. (हा १०८ वेगळा, गोंधळू नका.) मानसिक वय १२९ महिने. भागाकार केला की येतात ११९. मुलगा तितकाच पुढे आहे, आणि कागदावरचे नऊ गुण उडाले. सहाव्या वर्षी २१ महिने ही मोठी मजल असते, नवव्या वर्षी त्यामानाने कमी आणि तेराव्या वर्षी त्याहून कमी. मोठ्या माणसांत तर ही रीत पार कोसळते. चाळिशीच्या गृहस्थांचं मानसिक वय साठ आहे, हे कौतुक समजायचं की निदान?

आणखी एक खोट आहे, आणि ती आमच्यातलेही पुष्कळजण विसरतात. भागाकाराच्या आयक्यूत एकाच आकड्याचा अर्थ प्रत्येक वयात सारखा राहत नाही. स्टॅनफर्ड-बिनेच्या, म्हणजे टर्मनच्या अमेरिकी चाचणीच्या, १९३७ च्या आवृत्तीत सहा वर्षांच्या मुलांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, साधारण साडेबाराचं होतं आणि बारा वर्षांच्यांचं विसाचं. म्हणजे १२५ आलेला सहा वर्षांचा मुलगा शंभरातल्या पहिल्या दोन-तिघांत बसतो आणि तेच १२५ आलेली बारा वर्षांची मुलगी पहिल्या दहा-अकरांत. आकडा एक, जागा दोन.

ही भानगड डेव्हिड वेक्सलर यांनी मिटवली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात मोठ्या माणसांना तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला मानसिक वय घेऊन करायचं काय? त्यांच्या १९३९ च्या चाचणीत भागाकार नाहीच. प्रत्येक वयोगटाची सरासरी १०० धरायची, पसारा १५ वर बांधायचा आणि व्यक्ती त्या सरासरीपासून किती लांब उभी आहे ते सांगायचं. मुलांची विस्क १९४९ मध्ये आली. तुमची विस्क-४ तिचीच चौथी पिढी. या रीतीत शंभरातली अडुसष्ट मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात, पंच्याण्णव ७० ते १३० च्या मध्ये. उरलेली निम्मी वर आणि निम्मी खाली.

म्हणजे १०८ चा सरळ अर्थ असा: त्याच्याच वयाची शंभर मुलं ओळीने उभी केली तर सत्तर त्याच्या मागे असतील. याला शततमक म्हणतात. माझं चाललं तर अहवालाच्या पहिल्या पानावर फक्त हाच छापायचा, कारण आपण सगळे पैकीच्या पैकी मार्कांत वाढलेलो. शंभर म्हणजे पूर्ण, १०८ म्हणजे वरून बोनस, असं वाचणारे पालक मी पाहिलेत. एका वडिलांना मुलीचा ९६ दाखवला तर म्हणाले, “मग चारच मार्क गेले की.”

आता रांगेचं वय. चाचणी छापण्याआधी ती पुष्कळ मुलांवर घेतात आणि त्यांच्या गुणांवरून तक्ते बनवतात. त्यांना आम्ही नॉर्म्स म्हणतो. तुमच्या मुलाचे गुण त्या तक्त्यातल्या मुलांशी ताडले जातात, त्याच्या वर्गातल्या मुलांशी नव्हे. बिने-कामतचे तक्ते फार जुने आहेत. पुण्यात अजून सर्रास वापरली जाणारी दुसरी चाचणी मिसिक. वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीचं हे भारतीय रूप नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये केलं. म्हणजे आजच्या मुलाला आपण त्याच्या आजी-आजोबांच्या शाळासोबत्यांशेजारी उभं करतो. न्यूझीलंडमध्ये शिकवणारे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की अनेक देशांत एका दशकाला सरासरी तीन गुणांच्या आसपास कामगिरी वर सरकत गेली. कारणांवर वाद आहेत: शाळेत जास्त वर्षं, बरा आहार, लहान कुटुंबं, चित्रं आणि कोडी यांची सवय. परिणामाबद्दल वाद नाही. जुन्या रांगेत आजचं मूल फुकटात पुढे दिसतं. म्हणून मिसिकवर १३० आणि नव्या तक्त्यांच्या विस्कवर ११५ हे एकाच महिन्यात, एकाच मुलाचं मी पाहिलेलं आहे. दोन्ही चाचण्या नीट घेतलेल्या होत्या.

वापरायच्याच कशाला मग जुन्या चाचण्या? कारण विस्कचा संच महाग आहे, प्रत्येक मुलामागे उत्तरपत्रिकेचे पैसे वेगळे, आणि मराठीत घ्यायला मिसिक किंवा बिने-कामत हातात बसलेली. मागे पडणारं मूल ओळखायला ती अजूनही कामाची आहे. पेढे वाटायला नाही.

मोजमापातली चूकही धरा. विस्कसारख्या उत्तम चाचणीतही एकूण गुणांची मानक चूक तीनच्या आसपास असते. म्हणून १०८ म्हणजे खरं तर ‘बहुधा १०२ ते ११४ च्या दरम्यान’. नीट लिहिलेल्या अहवालात ही मर्यादा छापलेली असते, आणि ती ओळ कुणीच वाचत नाही. शिवाय शाळेने तल्लख म्हणून निवडून पाठवलेल्या मुलाचा पहिला आकडा त्याच्या चांगल्या दिवशीचा असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या खेपेला तो थोडा सरासरीकडे सरकतोच.

रीत, तक्ते, चूक, सरासरीकडे सरकणं: एवढं सगळं एकत्र केलं की २० गुणांपैकी बहुतेकांचा हिशेब लागतो. इथे थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं आणि मुलाचं काहीच भलं झालं नसतं.

दुसऱ्या पानावर या.

विस्क-४ मध्ये दहा मुख्य उपचाचण्या असतात. प्रत्येकीचे गुण १० च्या सरासरीवर आणि ३ च्या पसाऱ्यावर बसवतात, आणि त्यांचे चार गट होतात. तुमच्या मुलाचे आकडे असे: शाब्दिक आकलन १२१, दृश्य तर्क ११७, कार्यकारी स्मृती (ऐकलेलं क्षणभर मनात धरून त्यावर काम करणं) ९१, प्रक्रियेची गती ८५. शततमकात सांगायचं तर बोलून विचार करण्यात तो शंभरातल्या ब्याण्णवांच्या पुढे आहे आणि पेन्सिल हातात घेऊन भराभर काम उरकण्यात चौऱ्याऐंशी मुलं त्याच्या पुढे. या दोन टोकांमध्ये ३६ गुणांचं अंतर आहे. त्या चारांचा एकत्र खिचडा केला की १०८ येतो. हा आकडा गणिताने बरोबर आहे आणि तो कुणाचंच वर्णन करत नाही. एक पाय उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला तर सरासरी तापमान सुखद येतं, तसला हा प्रकार.

अंतर एवढं मोठं असलं की एकूण बुद्ध्यंक बाजूला ठेवून फक्त पहिल्या दोन गटांवरून सर्वसाधारण क्षमतेचा निर्देशांक काढायची सोय विस्कमध्ये आहे. तुमच्या अहवालात तो काढलेला दिसत नाही. तुम्ही दिलेल्या गुणांवरून तो १२० च्या थोडा पुढे जाईल असं मला दिसतं. आणि आता सहाव्या वर्षीचा १२८ आठवा. बिने-कामतमध्ये तोंडी उत्तरांचा भाग मोठा, घड्याळ लावून लिहायचं काम नगण्य. पहिल्या चाचणीने मुलाची जमेची बाजू मोजली. दुसरीने अडचणही मोजली. दोघींनी एकच मुलगा पाहिला.

जाता जाता एक गंमत सांगते, बेरजेचा विषय निघालाच आहे तर. दहाच्या दहा उपचाचण्यांत १३ मिळवणारं मूल प्रत्येक ठिकाणी चौऱ्याऐंशींच्या पुढे असतं. पण त्याचा एकूण आकडा १२० ओलांडतो आणि ते नव्वदांच्याही पुढे जातं. सगळीकडे बरं असणं हे एकाच ठिकाणी बरं असण्यापेक्षा दुर्मीळ. पालकांना वाटतं टायपिंगची चूक झाली. नसते.

तर ८५ चं काय? प्रक्रियेची गती म्हणजे बुद्धीचा वेग, असा गैरसमज नावामुळेच होतो. प्रत्यक्षात मुलापुढे कागद असतो, चिन्हं असतात, दोन मिनिटं असतात, आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे शक्य तितकी चिन्हं भरायची असतात. खरे प्रश्न उघड करता येत नाहीत, पण कामाचा नमुना हाच. यात कमी गुण पडायला पन्नास कारणं. डोळ्यांना नंबर लागला असेल. पेन्सिलची पकड घट्ट असेल आणि हात दुखत असेल. लेखनातली अध्ययन अक्षमता असेल. लक्ष दर दहा सेकंदांनी खिडकीबाहेर जात असेल. मूल चोखंदळ असेल: माझ्याकडे एक मुलगी आली होती, ती प्रत्येक चिन्ह खोडून पुन्हा काढायची, रांगोळीचा ठिपका चुकल्यासारखी. तिला ८० च्या आत गुण मिळाले आणि तिने काढलेलं एकेक चिन्ह छापल्यासारखं होतं. आकड्यात हे दिसत नाही. टेस्ट घेणाऱ्याने ‘वर्तनाची निरीक्षणं’ या मथळ्याखाली ते लिहायचं असतं. तुमच्या अहवालात त्या जागी ‘सहकार्य केले’ एवढे दोनच शब्द आहेत. माझं खरं भांडण १०८ शी नाही, या दोन शब्दांशी आहे.

कार्यकारी स्मृतीच्या ९१ बद्दल एक शंका मनात ठेवा: चाचणी कुठल्या भाषेत घेतली? घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, हा आपल्या शहरातला नेहमीचा मामला. अशा मुलाला ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की ते आधी मनात ‘फॉर्टी सेव्हन’ करतं, मगच गणिताला लागतं. मराठी संख्यानामांचं हे जोडाक्षरी प्रकरण किती अवघड जातं याचा वाद २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून सगळ्या महाराष्ट्राने घातला होता. त्या वादात कुणाची बाजू घ्यायची ते घ्या, पण माझ्या टेबलावर ती दोन सेकंद मोजली जातात. उलट, शब्दांच्या उपचाचण्या इंग्रजीतून घेतल्या की घरात रसाळ मराठी बोलणारं मूल मुकं दिसतं. मी सुरुवातीची दहा मिनिटं नुसत्या गप्पा मारते, मूल कुठल्या भाषेत भांडतं ते बघते आणि शक्यतो त्या भाषेत काम करते.

गुण कसे देतात हेही बघा, कारण ‘बरोबर’ आणि ‘चूक’ इतकं ते सरळ नसतं. समजा प्रश्न असा आहे (हा मी बनवलेला, कुठल्याही चाचणीतला नाही): सायकल आणि होडी यांच्यात सारखं काय? “दोन्ही वाहनं” याला दोन गुण, कारण मुलाने वर्ग ओळखला. “दोन्हीत बसून जातात” याला एक, कारण उपयोग सांगितला, वर्ग नाही. “दोन्हीला रंग असतो” याला शून्य. सलग काही शून्यं पडली की ती उपचाचणी तिथेच थांबवायची. आता पानशेतच्या बाजूचं एक मूल म्हणालं, “दोन्ही आमच्या काकांकडं हायेत.” पुस्तकाप्रमाणे शून्य. पण अशा वेळी “जरा आणखी सांग” असं म्हणायची मुभा असते, आणि तेवढं म्हटलं तर तेच मूल सांगतं की दोन्ही पलीकडे पोचवतात. न म्हणणारा परीक्षक आणि म्हणणारा परीक्षक यांच्यात एका उपचाचणीत दोन-तीन गुणांचा फरक सहज पडतो. उलट दिशेची चूकही होते. मूल गोड असलं की परीक्षक नकळत सुचवत जातो. सुचवणं आणि विचारणं यांतली रेघ सांभाळणं हेच या कामातलं कौशल्य, आणि ते संचासोबत विकत मिळत नाही.

हे मी शहाणपणाने सांगते आहे असं वाटू नये म्हणून माझीच एक गोष्ट. व्यवसायाचं तिसरं वर्ष. मुळशीकडच्या एका गावातली सात वर्षांची मुलगी, शिक्षकांनी पाठवलेली. तिचा बुद्ध्यंक ६४ आला. मी त्या काळच्या भाषेत ‘सौम्य मतिमंद’ असं लिहून सही केली. वर्षभराने दुसऱ्याच कारणाने तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कळलं की दोन्ही कानांनी तिला कमी ऐकू येतं. यंत्र बसवल्यावर, आणि शाळेत पुढच्या बाकावर बसवल्यावर, तिने दीड वर्षाने ८९ मिळवले. माझ्या प्रश्नांना ती उत्तरं देत नव्हती कारण निम्मे प्रश्न तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. तिची आई मला पहिल्याच दिवशी सांगत होती की ही शेळ्या मोजून आणते, दुकानातून सुटे पैसे बरोबर परत घेऊन येते, धाकट्याला भरवते. मी ते ऐकलं आणि नोंदवलं नाही, कारण आकडा हातात होता.

आज हे नियमातच आहे. नुसता ७० च्या खालचा बुद्ध्यंक बौद्धिक अक्षमता म्हणायला पुरत नाही. रोजच्या जगण्यातली कौशल्यंही तितकीच मागे असावी लागतात, आणि तीव्रता किती हे २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीपासून प्रामुख्याने त्या कौशल्यांवरून ठरतं. त्यासाठी आपल्याकडे व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरतात, तीही मालिन यांनीच भारतीय रूपात आणलेली. आईला शेजारी बसवून विचारायची असते: स्वतः जेवतो का, रस्ता ओलांडतो का, निरोप नीट सांगतो का. अर्धा तास जातो. तो अर्धा तास मी तेव्हा वाचवला होता.

पुण्यात बुद्धीचं कौतुक मुरलेलं आहे, आणि ते सगळंच वाईट नाही. १९६२ मध्ये आप्पा पेंडशांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धी एका आकड्यात कोंबण्यापेक्षा तिचे पैलू वेगवेगळे मोजावेत हा विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल्फर्डच्या प्रारूपाचा आधार घेऊन तिथे रुजला, आणि त्यावर मराठीतून चाचण्या झाल्या. माझ्यासारख्या कितीतरी जणींनी त्यातून शिकून घेतलं. पण याच कौतुकाच्या सावलीत मुलांना बुद्धिचाचणीचा सराव देणारे क्लासही उगवतात. सरावाने गुण वाढतात, हे खरं. थर्मामीटर चहात बुडवल्यावर पारा चढतो, तेही खरंच.

बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारे स्टॉल तुम्हाला मॉलमध्ये किंवा शाळेच्या पालकसभेतही भेटतील. त्यात कुठलंही मापन नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्याला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. पैसे वाचवा, त्यात डोळ्यांची तपासणी होते.

तुमच्याकडे परत येते. तिसऱ्यांदा बुद्ध्यंक काढू नका. विस्क वर्षाच्या आत पुन्हा घेतली तर ओळखीच्या कामांमुळे गुण उगाच वाढतात आणि आणखी एक आकडा घरात येतो. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग वाचन, लेखन आणि गणित यांची शैक्षणिक चाचणी, लक्ष देण्याच्या सवयींचं मूल्यमापन, आणि हाताच्या बारीक हालचालींसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टची एक भेट. लेखनातली अध्ययन अक्षमता निघाली तर घाबरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. त्याचं प्रमाणपत्र मात्र ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयातूनच घ्यावं लागतं, माझ्यासारख्या खासगीवालीच्या कागदावर ते होत नाही. आणि टेस्ट कुणाकडूनही केली तरी त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते बिनधास्त विचारा. रागावली तर तेही उत्तरच समजा.

शाळेशी बोलताना १०८ सांगू नका, १२८ ही सांगू नका. चार गट सांगा. “तोंडी विचारलं तर त्याला येतं, लिहायला लावलं की अडतो” हे वाक्य बाईंना बुद्ध्यंकापेक्षा जास्त उपयोगी पडेल, आणि बहुधा त्या म्हणतील की हे मलाही दिसत होतं. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती दोन महिने थांबवून बघा म्हणावं.

मुलाला यातला एकही आकडा कळू देऊ नका. आजोबांनाही.

आणि माझ्याकडे किंवा कुणाकडेही जाल तेव्हा सकाळची वेळ घ्या, त्याला पोटभर खाऊ घालून आणा. दुपारी मी टेस्ट घेत नाही. पुणेरीपणा म्हणा हवं तर, पण दोन वाजता नऊ वर्षांचं मूल काय आणि मी काय, दोघांचीही प्रक्रियेची गती ८५ च्या खाली असते. येताना दोन्ही अहवाल आणा, त्याची नेहमीची पेन्सिल आणा, आणि वह्या आणा. तुम्ही शेजारी बसून पुन्हा लिहून घेतलेल्या फेअर वह्या नकोत. रफच्या आणा, मागच्या पानांवर त्याने चित्रं काढलेल्या.